जुन्या आलिशान मोटारींचे आवाज आणि मंदावलेली ताकद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या, विशेषतः १९०६ ते १९३९ या काळातल्या मोठ्या आणि महाग गाड्या ज्यांच्या घरी आहेत किंवा ज्यांनी त्या नव्याने घेतल्या आहेत, त्यांच्याकडून वर्षानुवर्षे येत राहिलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे एक विषय दुसऱ्याला लागून येतो, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ही उत्तरे नेमक्या कोणत्या गाड्यांसाठी आहेत?

मुख्य उदाहरण रोल्स-रॉइसच्या ४०/५० अश्वशक्तीच्या गाडीचे, म्हणजे सगळे जिला ‘सिल्व्हर घोस्ट’ म्हणतात तिचे घेतले आहे. ही गाडी १९०६ मध्ये लंडनच्या ऑलिम्पिया प्रदर्शनात आली आणि अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या कारखान्यात १९२६ पर्यंत बनत राहिली. तिचे सहा सिलिंडर तीन-तीनच्या दोन ब्लॉकमध्ये ओतलेले असतात, व्हॉल्व्ह बाजूला असतात आणि हेड ब्लॉकपासून वेगळे होत नाही. इंजिन आधी ७०३६ घनसेंटिमीटरचे होते, पुढे स्ट्रोक वाढवून ते ७४२८ घनसेंटिमीटरचे झाले. १९२२ ची ‘ट्वेंटी’, १९२५ ची ‘न्यू फँटम’, स्लीव्ह-व्हॉल्व्हच्या डेमलर आणि त्या काळातल्या मोठ्या अमेरिकी गाड्या यांनाही बहुतेक उत्तरे लागू पडतात. डेमलरचा वेगळा विचार प्रश्न १७ मध्ये केला आहे.

२. गाडी नवीन असताना खरोखर एवढी शांत होती का? की माझ्या गाडीत दिसतो तो आवाज स्वाभाविकच आहे?

ती त्या काळाच्या मानाने विलक्षण शांत होती. मात्र आजच्या बंद, रबरावर तरंगणाऱ्या इंजिनाशी तिची तुलना केल्यास निदान पहिल्याच पायरीवर चुकते. सरळ दात्यांचे गिअर टॉप सोडून बाकीच्या गतींमध्ये गाणारच. थंड इंजिनात टॅपेटची (व्हॉल्व्ह वर ढकलणाऱ्या भागाची) हलकी टिकटिक आणि कार्ब्युरेटरमधून हवा ओढल्याचा सुस्कारा असणारच. काळजीचे कारण आवाजात झालेल्या बदलाचे असते. म्हणून गाडी निरोगी असताना ती थंड असताना, गरम झाल्यावर, सपाटीवर आणि चढावर कशी ऐकू येते, याची नोंद प्रत्येक मालकाने करून ठेवावी. आता मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ठेवणे अगदी सोपे झाले आहे. दोन वर्षांनी शंका आली की ते मुद्रण कोणत्याही पुस्तकापेक्षा अधिक उपयोगी पडते.

३. नवा आवाज ऐकू आला. मेकॅनिक म्हणतो, इंजिन उघडून बघू. उघडू द्यावे का?

लगेच नाही. या पानावरचे एकच उत्तर वाचायचे असेल, तर हे वाचावे.

उघडलेले इंजिन आवाज करत नाही, म्हणून आवाजाचा पुरावा गोळा करायचा तो इंजिन उघडण्यापूर्वीच. सिल्व्हर घोस्टसारख्या गाडीत हेड सुटे नसल्यामुळे पिस्टनपर्यंत पोहोचायचे म्हणजे अख्खा ब्लॉक उचलावा लागतो. शंभर वर्षांचे ओतीव लोखंड, त्याचे स्टड आणि पाण्याची वाट असलेल्या पातळ भिंती यांना तो धक्का विनाकारण देऊ नये. आमच्या पाहण्यात एक गाडी अशी आली होती की ‘रॉड वाजतो’ असे ठरवून तिचे इंजिन पूर्ण खोलले गेले, व्हाइट मेटल (बेअरिंगचे मऊ धातूचे अस्तर) नवे ओतले गेले, सगळे जोडले गेले आणि सुरू करताच तोच ठोका पुन्हा ऐकू आला. आवाज मॅग्नेटोच्या (ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या यंत्राच्या) सैल झालेल्या कपलिंगचा होता. इंजिनाला हात न लावता ते दहा मिनिटांत समजले असते.

इंजिन उघडण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहाव्यात. आवाज थंड असताना जास्त होतो की गरम झाल्यावर? इंजिनावर भार असताना होतो, की थ्रॉटल सोडल्यावर? तो इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर वाढतो की चाकांच्या? उभ्या गाडीत तो काढता येतो का? या चार उत्तरांनंतर संशयितांची यादी सहसा दोन-तीन भागांवर येते. पुढचे बहुतेक प्रश्न याच चार उत्तरांवर उभे आहेत.

४. आवाज नेमका कुठून येतो हे शोधायला कोणते साधन लागते?

हातभर लांबीचा कठीण, कोरडा लाकडी दांडा पुरेसा आहे. त्याचे एक टोक इंजिनाच्या भागावर टेकवावे आणि दुसरे कानामागच्या हाडाला लावावे. डॉक्टरांचा स्टेथोस्कोप असल्यास त्याच्या नळीला पातळ सळई जोडता येते. हवा किंवा वायू गळतीची फुसफुस शोधायला मात्र दांडा कामाचा नाही. तिथे रबराची मोकळी नळी कानाशी धरून तिचे टोक फिरवावे. साइड-व्हॉल्व्ह इंजिनात प्रत्येक व्हॉल्व्हच्या वर फिरकीचे झाकण असते आणि त्याखालच्या वॉशरमधून गळणारी फुसफुस अनेकदा टॅपेटच्या टिकटिकीसारखी ऐकू येते. त्या झाकणाभोवती साबणाचे पाणी लावले की बुडबुडे लगेच साक्ष देतात. फिरता पंखा आणि पट्टा यांच्याजवळ सदऱ्याच्या सैल बाह्या, उपरणे किंवा ओढणी नसावी.

५. इंजिनातून सतत हलकी टकटक येते आणि वेगाबरोबर ती वाढते. टॅपेटच असेल ना?

बहुधा होय, पण खात्री करता येते. टॅपेटचा आवाज इंजिनाच्या दोन फेऱ्यांत एकदा येतो, म्हणजे रॉड किंवा पिस्टनच्या ठोक्याच्या निम्म्या गतीने. मंद फेऱ्यांवर इंजिन चालू ठेवून संशयित टॅपेट आणि व्हॉल्व्हच्या दांड्यामध्ये पातळ फीलर (फट मोजायची पत्ती) सरकवावा; आवाज थांबला, तर गुन्हेगार सापडला. अंतर आपल्या गाडीच्या पुस्तिकेप्रमाणेच ठेवावे. आवाज पूर्ण घालवायच्या मोहाने अंतर कमी केले, तर गरम झाल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, जळतो आणि ताकद जाते. किंचित वाजणारा टॅपेट चालेल. मुका टॅपेट मात्र तपासून घ्यावा.

अंतर बरोबर असूनही टकटक राहिली, तर टॅपेटच्या तोंडावर पडलेला खड्डा तपासावा. सपाट फीलर त्या खड्ड्यावरून पुलासारखा जातो आणि अंतर खरे आहे त्यापेक्षा कमी दाखवतो.

६. सकाळी गाडी सुरू केल्यावर खडखडते, पंधरा मिनिटांनी शांत होते. हा बिघाड आहे का?

हा पिस्टन स्लॅप असतो: थंड पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर आपटतो आणि गरम होऊन फुगला की शांत होतो. पहिल्या महायुद्धानंतर ॲल्युमिनियमचे पिस्टन आले. ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा जास्त फुगते, म्हणून त्या पिस्टनना थंडपणी जास्त मोकळीक द्यावी लागते. तेल जळत नसेल आणि गरम झाल्यावर आवाज खरोखर जात असेल, तर अशी गाडी अनेक वर्षे विनातक्रार चालते. पहिली पंधरा मिनिटे मात्र ती हळू चालवावी. उलट प्रकार, म्हणजे थंड असताना शांत आणि गरम झाल्यावर ठोका, हा गंभीर असू शकतो. त्यासाठी पुढचा प्रश्न पाहावा.

७. गरम झाल्यावर खोल ठोका येतो. बिग एंड गेले की मेन बेअरिंग, हे कसे ओळखावे?

तेल गरम होऊन पातळ झाले की झिजलेल्या बेअरिंगमधली पोकळी उघडी पडते, म्हणून हे ठोके गरमपणी वाढतात. कनेक्टिंग रॉडचे बिग एंड, म्हणजे क्रँकला जोडलेल्या टोकाचे बेअरिंग, मध्यम वेगात थ्रॉटल हलकेच सोडल्याच्या क्षणी, भार आणि मोकळेपणा यांच्या सीमेवर स्पष्ट वाजते. क्रँक ज्यात फिरतो त्या मेन बेअरिंगचा ठोका जड आणि बोथट असतो, भार असताना येतो, आणि तो कानापेक्षा पायांखालच्या फळीत जास्त जाणवतो. रॉड पिस्टनला जोडणाऱ्या गजन पिनचा आवाज टोकदार असतो आणि मंद फेऱ्यांवर दुहेरी ऐकू येतो.

यानंतर एकेक सिलिंडर बंद करून पाहावे. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असलेल्या गाड्यांमध्ये इथे सर्रास चूक होते: एक प्लग बंद केला तरी दुसरा सिलिंडर पेटवतच राहतो आणि चाचणी निरर्थक ठरते. म्हणून आधी एक इग्निशन पूर्ण बंद करावे, इंजिन दुसऱ्यावर चालवावे आणि मग त्याचा एकेक प्लग लाकडी मुठीच्या स्क्रूड्रायव्हरने इंजिनाच्या धातूला जोडून निष्प्रभ करावा. मॅग्नेटोची वायर काढून मोकळी लोंबकळत ठेवू नये. ठिणगीला वाट मिळाली नाही, तर ती मॅग्नेटोच्या आतल्या इन्सुलेशनमधून वाट काढते.

एक सिलिंडर बंद केल्यावर ठोका गेला, तर त्याच सिलिंडरचे बिग एंड. एकाने फरक पडला नाही, पण शेजारचे दोन एकत्र बंद केल्यावर पडला, तर त्यांच्यामधले मेन बेअरिंग. ठोका निश्चित झाल्यावर गाडी स्वतः चालवत आणू नये, ट्रकवर चढवून आणावी. व्हाइट मेटल वितळून गेल्यावर क्रँकला होणारी इजा बेअरिंगच्या खर्चाच्या कितीतरी पट महाग पडते.

८. आवाज आणि थरथर फक्त एका ठराविक वेगालाच येते. त्याच्या वर आणि खाली गाडी लोण्यासारखी चालते. असे का?

सहा सिलिंडरचा लांब क्रँक प्रत्येक स्फोटाला थोडा पिळला जातो आणि परत येतो. इंजिनाची लय त्या पिळण्याच्या नैसर्गिक लयीशी जुळली की थरथर एकदम वाढते. सहा सिलिंडरच्या पहिल्या पिढीतल्या गाड्यांचे हे मोठे दुखणे होते, आणि हेन्री रॉइस व फ्रेडरिक लँचेस्टर या दोघांनीही त्यावर स्वतंत्र उपाय काढले. रॉइसच्या गाड्यांत क्रँकच्या पुढच्या टोकाला घर्षणावर सरकणारे छोटे फ्लायव्हील असते. ते गंजाने किंवा चिकट तेलाने एकजीव झाले, किंवा त्याच्या स्प्रिंगा ढिल्या पडल्या, की डॅम्पर काम करेनासा होतो. वेगाला बांधलेल्या थरथरीत सर्वप्रथम तोच तपासावा. तिकडे दुर्लक्ष करून नेमक्या त्याच वेगाने तासन् तास गाडी चालवणे क्रँकला घातक आहे.

९. मंद फेऱ्यांवर पुढच्या बाजूने घरघर येते. टायमिंग गिअर बदलावेत का?

आधी हवा-पेट्रोलचे मिश्रण आणि इग्निशन ठीक करावे. इंजिन मंद फेऱ्यांवर असमान पेटत असेल, तर क्रँक क्षणाक्षणाला पुढे-मागे हिसके देतो आणि निरोगी गिअरांचे दातही एकमेकांवर आपटतात. मंद फेऱ्यांचा जेट नीट लावला आणि हवेची गळती थांबवली की ही घरघर अनेकदा नाहीशी होते. आवाज आणि कमी झालेली ताकद या दोन वेगळ्या तक्रारी म्हणून आमच्याकडे येतात, पण किती तरी वेळा त्या एकाच दुखण्याच्या दोन खुणा असतात.

१०. आवाज चाकांबरोबर वाढतो, इंजिनाबरोबर नाही. कुठे पाहावे?

उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडून क्षणभर ऐकावे, अर्थात मोकळ्या रस्त्यावर आणि ब्रेक चांगले असतानाच. आवाज तसाच राहिला, तर गिअरबॉक्सच्या मागे शोध घ्यावा. फक्त ओढताना येणारी किंवा फक्त थ्रॉटल सोडल्यावर येणारी घूं-घूं क्राउन-पिनियनची (मागच्या ॲक्सलमधल्या गिअरांची) असते. गाडी निघताना एकच ‘धाड्’ होत असेल, तर प्रोपेलर शाफ्टचे सांधे पाहावेत. चाकाच्या प्रत्येक फेरीला एक टिक येत असेल, तर तारेच्या चाकांच्या हबचे दाते किंवा सैल स्पोक हे कारण असू शकते. लाकडी आऱ्यांची चाके देशावरच्या उन्हाळ्यात वाळून करकरतात आणि कोकणातल्या पावसाळ्यात तीच चाके गप्प होतात. ही गप्पी बरी झाल्याची खूण समजू नये. सांधे सैलच असतात, लाकूड तेवढे फुगलेले असते.

११. गाडीला पिकअप नाही. तपासणी कुठून सुरू करावी?

स्टिअरिंगवरच्या इग्निशनच्या दांडीपासून. हे सांगताना संकोच वाटतो, पण आज या गाड्या चालवणाऱ्यांपैकी अनेकांनी हाताने ठिणगी पुढे-मागे करायची गाडी पूर्वी कधी चालवलेली नसते. दांडी सतत मागे राहिली, तर गाडी खेचत नाही, पाणी उकळते आणि एक्झॉस्ट लाल होतो. ती फार पुढे असेल, तर मंद वेगात भार पडताच इंजिन ठोके देते. दांडी पूर्ण हलूनही काही फरक पडत नसेल, तर खालचे सांधे झिजून ती प्रत्यक्षात काहीच हलवत नाही, असे समजावे.

त्यानंतर इग्निशन (प्रश्न १२), इंधनाचा पुरवठा (प्रश्न १३), हवेची गळती आणि शेवटी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब (प्रश्न १६), हा क्रम पाळावा. हा क्रम पाळायचे कारण एवढेच की पुढची प्रत्येक तपासणी आधीच्या तपासणीपेक्षा जास्त मोडतोड मागते. सिल्व्हर घोस्टचे नाव ज्या गाडीवरून पडले, त्या एएक्स २०१ ने १९०७ मध्ये सलग १४,३७१ मैलांचा विक्रम केला. त्या संपूर्ण चाचणीत ती अनिच्छेने एकदाच थांबली, ६२९ मैलांवर, आणि कारण होते हादऱ्यांनी आपोआप बंद झालेला पेट्रोलचा कॉक. तेवढी नामांकित गाडीही जर एका कॉकमुळे थांबली, तर आपणही सोप्या गोष्टी आधी पाहण्यात कमीपणा मानू नये.

१२. माझ्या गाडीला मॅग्नेटो आणि कॉइल अशी दोन इग्निशन आहेत. निदानासाठी त्यांचा उपयोग होतो का?

फार मोठा उपयोग होतो, आणि आधुनिक गाड्यांत ही सोय नाही. इंजिन गरम करून आधी फक्त कॉइलवर आणि मग फक्त मॅग्नेटोवर चालवून पाहावे. एका इग्निशनवर ते नीट आणि दुसऱ्यावर अडखळत चालत असेल, तर कार्ब्युरेटर, व्हॉल्व्ह आणि कॉम्प्रेशन एका झटक्यात निर्दोष सुटतात. दोन्हींवर सारखेच अडखळत असेल, तर इग्निशन सोडून पुढे जावे. दोन्ही स्वतंत्रपणे ठीक, पण एकत्र चालवताना खडबड, असे झाले तर दोघांच्या ठिणग्यांचा क्षण जुळवून घ्यावा.

थंड असताना ठीक आणि अर्ध्या तासाने मॅग्नेटोवर मिसफायर, ही तक्रार आपल्या हवामानात फार येते. तिथे पहिला संशय कंडेन्सरवर घ्यावा. जुन्या आर्मेचरवरची (मॅग्नेटोतल्या फिरत्या गुंडाळीवरची) लाख उष्णतेने मऊ होऊन बाहेर येते आणि आर्मेचर घासू लागते, हे दुसरे कारण. मंद फेऱ्यांवर ठिणगी नाही, पण वेगात उत्तम असेल, तर लोहचुंबक क्षीण झाले आहेत. मॅग्नेटोच्या प्लगची फट ०.४ ते ०.५ मिलिमीटरच्या आसपास ठेवावी. आधुनिक गाडीची मोठी फट ठेवल्यास जुन्या मॅग्नेटोवर नाहक ताण येतो.

१३. सपाटीवर गाडी छान चालते, पण घाटात अर्ध्यावर गुदमरते. थोडे थांबले की पुन्हा चालते. का?

हे पेट्रोल अपुरे पोहोचल्याचे लक्षण आहे, आणि कारण गाडीच्या वयावर अवलंबून असते. सिल्व्हर घोस्टच्या बहुतेक गाड्यांत मागच्या टाकीत हवेचा हलका दाब देऊन पेट्रोल पुढे आणले जाते: सुरू करताना हातपंपाने आणि नंतर इंजिनावरच्या छोट्या पंपाने. टाकीच्या झाकणाचे चामडी वॉशर वाळले की दाब निसटतो आणि चढावर टाकी इंजिनाच्या खाली गेल्यामुळे तो नेमका तिथे अपुरा पडतो. चालत्या गाडीत हातपंपाचे चार-पाच झटके दिल्यावर गाडी सावरली, तर निदान झाले.

नंतरच्या गाड्यांत ऑटोव्हॅक असते. ते इंजिनाच्या ओढीवर पेट्रोल वर खेचते. लांब चढावर थ्रॉटल पूर्ण उघडा राहिला की ओढ घटते, वरची छोटी टाकी रिकामी होते आणि इंजिन उपाशी राहते. क्षणभर थ्रॉटल सोडून खालच्या गिअरमध्ये गेले की ती पुन्हा भरते. निरोगी ऑटोव्हॅकसुद्धा फार लांब चढावर असे वागू शकते, म्हणून हा प्रकार नेहमी बिघाड मानू नये.

तिसरे कारण वेपर लॉक. आजचे पेट्रोल कमी तापमानाला वाफ होते आणि एप्रिल-मेमध्ये एक्झॉस्टजवळून जाणाऱ्या तांब्याच्या नळीत ते उकळते. नळीवर ओले फडके गुंडाळताच गाडी सावरली, तर नळीचा मार्ग बदलावा किंवा तिच्यावर उष्णतारोधक आवरण घालावे.

१४. पुरवठा, ठिणगी सगळे ठीक आहे, तरी चढावर दम टाकते. मूळ गाडीच कमकुवत असू शकते का?

होय, आणि याचा दाखला इतिहासात आहे. सिल्व्हर घोस्टला १९०९ पासून तीनच गिअर होते. १९१२ च्या ऑस्ट्रियातल्या आल्प्स चाचणीत जेम्स रॅडली यांची गाडी कात्शबर्ग खिंडीच्या चढावर अडली. इंजिनात दोष नव्हता. पहिला गिअर त्या चढाला पुरेसा नव्हता. पुढच्या वर्षी कारखान्याने चार गिअर दिले. त्यामुळे आपल्या गाडीचा गिअरबॉक्स कोणत्या वर्षाचा आहे आणि मागच्या ॲक्सलचे प्रमाण काय आहे, हे आधी पाहावे. मूळ उघड्या टपाच्या चेसिसवर नंतर जड बंद बॉडी बसवलेली असेल, तर चढावरचा फरक आणखी वाढतो.

आपल्याकडेही या गाड्यांचा कस घाटातच लागला. १९०८ च्या मुंबई–कोल्हापूर चाचणीत ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची ४०/५० सह्याद्रीचे घाट ओलांडून गेली आणि पुढे ती ग्वाल्हेरच्या महाराजांनी विकत घेतली. निरोगी गाडी घाट चढते, हे त्यावरून गृहीत धरायला हरकत नाही.

क्लचही पाहावा. इंजिनाच्या फेऱ्या वाढतात आणि गाडी वाढत नाही, तर क्लच सरकतो आहे. चामड्याच्या कोन क्लचवर तेल आले असेल, तर ते पुसून मुलतानी माती भुरभुरवण्याचा जुना उपाय आजही तात्पुरता चालतो. तेल कुठून आले हे मात्र शोधावेच लागते. उलट, वाळलेले चामडे झटक्याने पकडते. त्याला मऊ करणारे तेल अगदी थोडे लावावे.

१५. हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने काय बिघडते? आणि शिसे नसल्याने व्हॉल्व्ह जातील का?

वीस टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला पूर्ण जळण्यासाठी त्याच हवेत साधारण सात-आठ टक्के जास्त इंधन लागते. जुन्या कार्ब्युरेटरचा जेट ठरलेला असल्याने मिश्रण पातळ पडते. गाडी थंडपणी खोकते, पिकअप मंदावते आणि इंजिन जास्त तापते. मिश्रणाची दांडी असल्यास ती जास्त पेट्रोलच्या बाजूला न्यावी, नसल्यास जेट मोठा करावा लागतो. त्या काळच्या अनेक अमेरिकी कार्ब्युरेटरांत बुचाचा फ्लोट असतो आणि त्यावर चपडा लाखेचा लेप असतो. चपडा स्पिरिटमध्ये विरघळतो हे पॉलिश करणाऱ्या कोणत्याही सुताराला ठाऊक आहे. इथेनॉलमध्येही तेच घडते. मग बूच पेट्रोल पिते, जड होते, आणि कार्ब्युरेटर वाहू लागतो. गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल, तर टाकी आणि फ्लोटचे भांडे रिकामे करावे, कारण इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते.

शिशाची चिंता मात्र बहुधा अनाठायी आहे. पेट्रोलमध्ये शिसे घालून विकायला अमेरिकेत १९२३ मध्ये सुरुवात झाली, म्हणजे सिल्व्हर घोस्टच्या रचनेच्या वेळी ते अस्तित्वातच नव्हते. महागडे जास्त ऑक्टेनचे पेट्रोल घालूनही ताकद वाढत नाही. ३.२ ला १ इतक्या कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनाला साधे पेट्रोलही गरजेपेक्षा चांगले असते. तरीही ते खणखणत असेल, तर ठिणगी फार पुढे आहे किंवा आतला कार्बन लाल होऊन आधीच पेटवतो आहे.

१६. कॉम्प्रेशन मोजले, तर आकडा फारच कमी आला. इंजिन संपले का?

आजच्या गाडीच्या आकड्याशी तुलना करू नये. वर सांगितलेल्या कमी प्रमाणामुळे निरोगी सिल्व्हर घोस्टचा आकडा आधुनिक इंजिनाच्या एक तृतीयांशाच्या आसपासच येतो. महत्त्वाची गोष्ट सहाही सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या जवळ आहेत की नाहीत, ही. एखादा मागे असेल, तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंगा, न वाढल्यास व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह असल्यास समाधान मानावे, कारण वरचे झाकण काढून ब्लॉक न उचलता तो घासून बसवता येतो.

१७. आमची जुनी डेमलर निळा धूर काढते. रिंगा बदलाव्यात का?

गाडी स्लीव्ह-व्हॉल्व्हची असेल, तर थोडा निळा धूर तिचा स्वभाव आहे. अमेरिकेच्या चार्ल्स नाइट यांच्या या रचनेत उघडझाप करणारे व्हॉल्व्हच नसतात. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये एकात एक अशा दोन नळ्या वर-खाली सरकतात आणि त्यांच्या खाचा जुळल्या की वायूला वाट मिळते. एवढ्या घासणाऱ्या पृष्ठभागांना तेल लागते आणि त्यातले काही जळते. १९०९ पासून डेमलरने ही रचना स्वीकारली ती तिच्या शांततेसाठीच.

म्हणूनच अशा इंजिनात टकटक ऐकू आली, तर टॅपेट म्हणून ती सोडून देता येत नाही. टॅपेट तिथे नाहीतच. स्लीव्ह हलवणाऱ्या छोट्या रॉडांचे सांधे तपासावेत. ताकद हळूहळू गेली असेल, तर स्लीव्हच्या शाफ्टची चेन ताणली जाऊन खाचा उशिरा उघडत असतील. अनेक वर्षे उभी असलेली गाडी हँडल मारून जबरदस्तीने फिरवू नये. वाळलेल्या तेलाने स्लीव्ह चिकटलेल्या असतात आणि पहिल्याच जोराला त्यांचा कान तुटतो. प्लगच्या भोकांतून पातळ तेल सोडावे, काही दिवस मुरू द्यावे आणि मगच हाताने हलके फिरवून पाहावे.

१८. फँटम थ्री मध्ये टॅपेट लावायला जागाच सापडत नाही, तरी टकटकते. आता?

१९३६ मध्ये आलेल्या या बारा सिलिंडरच्या गाडीत तेलाच्या दाबावर चालणारे टॅपेट आहेत. घाणेरड्या तेलाने ते अडकतात. आधी तेल, गाळण्या आणि तेलाचा दाब पाहावा. शेवटच्या काही गाड्यांत कारखान्यानेच साधे टॅपेट बसवले होते, त्यामुळे आपल्या गाडीत कोणते आहेत हे चेसिस क्रमांकावरून आधी पक्के करावे.

१९. जुन्या इंजिनात आधुनिक डिटर्जंट तेल घालावे का? घातल्यापासून आवाज वाढला आहे.

इंजिन पूर्ण खोलून साफ केले असेल, तर घालावे. नसेल, तर घालू नये. अनेक क्रँकशाफ्टच्या पिना पोकळ असतात आणि दशकानुदशकांचा गाळ तिथे दगडासारखा साठलेला असतो. डिटर्जंट तेल तो गाळ सोडवते आणि तोच पुढे जाऊन बिग एंडची वाट अडवतो. तेल बदलल्यानंतर लगेच ठोका सुरू झाला असेल, तर इंजिन बंद ठेवून संप (इंजिनाखालचे तेलाचे भांडे) उघडावा. गाळण्या आणि संपचा तळ बोटाने चाचपून पाहावा. चमकदार कण दिसले, तर प्रश्न ७ मधला ट्रकचा सल्ला लागू होतो.

२०. गाडी पाच वर्षे शेडमध्ये होती. सुरू होते, पण फेऱ्या वाढल्या की गुदमरते आणि सगळ्या तपासण्या ठीक आहेत.

एक्झॉस्ट मोकळा आहे का, ते पाहावे. आपल्याकडे कुंभारमाशी कोणतीही नळी मोकळी ठेवत नाही. सायलेन्सरचे टोक, टाकीचे हवेचे भोक, कार्ब्युरेटरचे निचऱ्याचे भोक या सगळ्यांत मातीची घरे सापडतात. टाकीचे भोक बुजले असेल, तर गाडी काही मैलांनी थांबते आणि झाकण उघडताच ‘सुस्स’ करून पुन्हा चालते. हा प्रकार दाबाच्या टाकीला लागू नाही. सायलेन्सरच्या आतले पडदे गंजून आडवे पडले असतील, तर बाहेरून तो धडधाकट दिसतो. मॅनिफोल्डपासून एक्झॉस्टचा जोड क्षणभर सैल करून इंजिन फिरवावे. आवाज मोठा झाला आणि फेऱ्या मोकळ्या वाढल्या, तर दोष सायलेन्सरचा.

२१. पूर्ण दुरुस्तीनंतर गाडी शांत झाली, पण आधीपेक्षा मंद आहे. हे कसे शक्य आहे?

हा सर्वांत फसवा प्रकार आहे. टायमिंग गिअर एका दाताने मागे बसला, तर इंजिन सुरेख सुरू होते, मंद फेऱ्यांवर आदर्श वाटते आणि रस्त्यावर निर्जीव असते. प्रत्येक व्हॉल्व्हचे उघडणे-मिटणे फ्लायव्हीलवरच्या खुणांशी जुळवून पाहावे, आणि त्या खुणांवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये. फ्लायव्हील काढून पुन्हा बसवताना जागा बदललेली असू शकते, म्हणून पहिल्या पिस्टनचे वरचे टोक प्लगच्या भोकातून स्वतः तपासावे. दुसरे कारण कार्ब्युरेटरचा आपोआप उघडणारा हवेचा व्हॉल्व्ह. जोडणी करणाऱ्याने तिथे भक्तिभावाने तेल लावलेले असते, त्यात धूळ बसते, आणि व्हॉल्व्ह अर्धा उघडून थांबतो. तो पेट्रोलने धुऊन कोरडाच बसवावा. तिसरे, ब्रेक घासत असणे. सपाट जागी दोन माणसांनी ढकलून गाडी सहज सरकते का, ते पाहावे; न सरकल्यास ब्रेकचे ड्रम हाताने चाचपावेत, जो गरम लागेल तिथून सुरुवात करावी.